केळीच्या बागेतलं गणित पुस्तकात कधी येणार?

रोजच्या जगण्यातलं गणित दाखवणारी लहान मुलांची चित्रपुस्तकं हल्ली बरीच मिळतात. पाच सफरचंदं मोजा, केकचे चार भाग करा. पण कोण मोजतंय, कशासाठी मोजतंय, ते चित्रात दिसतच नाही. मग मुलाच्या वाट्याला नुसती उजळणी येते.

मला असं पुस्तक हवंय ते आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीवरचं. केळ तेच, पण जागा बदलली की माप बदलतं. लागवडीला दोरी धरून सहा बाय पाच फुटांवर खुणा केल्या, तर एका रोपाला ३० चौरस फूट जागा मिळते. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे त्यात साधारण ३६ रोपं आणि एकरात साडेचौदाशेच्या आसपास. काढणीच्या दिवशी रोपं कोण मोजतंय? घड काट्यावर चढतात, भाव क्विंटलचा असतो. जळगावात हातगाडीवर तेच केळ डझनानं जातं, आणि घरी शेवटचं एकच उरलं की भावंडांत अर्धं-अर्धं. क्षेत्रफळ, वजन, डझन, अपूर्णांक, सगळं एका फळात आलं! आणि मागच्या पानावर उत्तरं अजिबात छापू नयेत. पोरानं शेतात जाऊन विचारावं, "आबा, रोपं आणखी जवळ का नाही लावत?" दाटी झाली की घड बारीक पडतो, हे आबा बागेत उभे राहून दाखवतील.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त हेच केलं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा शिलींध्राच्या फुलांवर, या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि उरलेला एक भुंगा हवेतच भिरभिरतोय. किती भुंगे? कोणत्याही चित्रकाराला हात शिवशिवावेत असं हे गणित आहे.

आणि चाळीसगावजवळचं पाटणं गाव तर आपलंच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला. तिथल्या शिलालेखातल्या जुन्या मराठी ओळींत मठाला काय काय द्यायचं ते कोरलंय, त्यात दर घाण्यामागे पळीभर तेलही आहे. गणिताची शाळा पळीनं मोजलेल्या तेलावर चालायची! घाणा, बैल आणि पळी यांचं एक पान पुस्तकात हवंच.

संवाद लेवा गणबोलीत, म्हणजे आपल्या इकडच्या बोलीत असावेत, पुस्तकाची किंमत पन्नास-साठ रुपयांच्या आत. चित्रं काढणारं कुणी इथं असेल तर कृपया बोला. मजकूर मी लिहायला घेतलाय.