यजमानाला कोणी विचारले?

'स्टारगेट एसजी-१' या विज्ञानकथेवरच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात एक प्रसंग आहे. अपोफिस नावाचा क्रूर सत्ताधीश, जो स्वतःला देव म्हणवून घेत आला आहे, जखमी आणि छळाने खिळखिळा झालेल्या अवस्थेत शत्रूच्या, म्हणजे आपल्या नायकांच्या, रुग्णशय्येवर शेवटच्या घटका मोजतो आहे. एरवी त्याचा आवाज गडगडणारा, विहिरीतून घुमून आल्यासारखा, आणि बोलताना डोळ्यांतून ज्वाळा निघाव्यात तशी चमक. अचानक तो आवाज साधा होतो. एक घाबरलेला, थकलेला माणूस प्राचीन इजिप्तच्या भाषेत बोलू लागतो. तो कर्नाकच्या आमोन मंदिरातला लेखनिक आहे. हजारो वर्षांपूर्वी त्याच्या देहात अपोफिस शिरला आणि तेव्हापासून तो आपल्याच शरीरात कोंडलेला आहे. नायकांच्या पथकातला, ही भाषा जाणणारा डॅनियल जॅक्सन त्याला धीर देतो की हे दुःस्वप्न आता लवकरच संपेल.

१९९९ साली आलेला हा भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातल्या हेरगिरीत आणि लढाईच्या ताणात मी इतकी गुंतले होते की तो लेखनिक माझ्या लक्षातही राहिला नव्हता. या वर्षी मी सगळी मालिका, दहा पर्वे आणि २१४ भाग, पुन्हा पाहिली आणि त्या लेखनिकापाशी येऊन थांबले. जे मनात आले ते थोडे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी हे आत्ता वाचू नये, कारण कथानक उघड होणार आहे.

मालिकेतले गोआउल्ड, ज्यांच्यातलाच हा अपोफिस, हे सापासारखे दिसणारे परजीवी आहेत. ते मानेतून माणसाच्या शरीरात शिरतात, मज्जारज्जूला विळखा घालतात आणि देहाचा ताबा घेतात. सार्कोफॅगस नावाच्या पेटीत झोपून ते देहाची झीज भरून काढतात, मेलेला देह पुन्हा उठवतात आणि एकेका शरीरात शेकडो, हजारो वर्षे राज्य करतात. त्यांच्या अमरत्वाचा सगळा हिशेब असा दुसऱ्याच्या खात्यावर मांडलेला आहे. देहाचा मूळ मालक मरत नाही, झोपतही नाही. त्याच्या हातांनी होणारा प्रत्येक खून तो आतून पाहत असतो. गोआउल्ड मात्र ठामपणे सांगतात की यजमानाचे काहीही शिल्लक राहत नाही. हे खोटे त्यांना सांगावेच लागते, कारण ते ढळले तर देवपणाच कोसळतो.

जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत परजीवी ज्याच्यावर जगतो त्याला 'यजमान' म्हणतात. हा शब्द मला या वेळी फार टोचला. यजमान म्हणजे जो बोलावतो, पाट मांडतो, या म्हणतो. त्या लेखनिकाने कोणाला या म्हटले होते? आपल्याकडे परकायाप्रवेशाच्या कथा पुष्कळ आहेत, पण त्या सांगणाऱ्यांना हा पेच ठाऊक होता असे दिसते. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका सांगताना राजा आधीच मरण पावला होता हे आवर्जून सांगितले जाते, आणि काम झाल्यावर तो देह सोडलाही जातो. ययातीला मुलाचे तारुण्य हवे होते, तर त्याला आधी एकेका मुलापुढे तोंड वेंगाडावे लागले. यदूने नकार दिला, इतरांनीही दिला, शेवटी पुरूने होकार दिला. पुरूचा होकार कितपत मोकळा होता याबद्दल मला शंका आहे, पण निदान तिथे विचारणे तरी आहे.

गोआउल्ड विचारत नाहीत, म्हणून ते खलनायक आहेत, इतके सोपे उत्तर देऊन ही मालिका थांबली असती तर मी हे लिहायला बसले नसते. ती थांबत नाही.

सर्वांत आधी स्काराचा खटला घ्या. स्कारा हा अबायडॉस या वाळवंटी ग्रहावरचा तरुण मुलगा, डॅनियलच्या पत्नीचा, शारेचा, भाऊ. पहिल्याच भागात दोघांनाही पळवून नेले जाते. शारेच्या देहात अमोनेट शिरते आणि स्काराच्या देहात क्लोरेल. तिसऱ्या पर्वात, २००० साली आलेल्या भागात, हा देह टोलन नावाच्या प्रगत लोकांच्या हाती लागतो. ते क्लोरेलला सरळ उपटून फेकून देत नाहीत. त्यांच्या कायद्याप्रमाणे एका शरीरावर दोघांचा दावा असेल तर न्यायनिवाडा व्हायला हवा. एक उपकरण बसवले जाते, ज्यामुळे दोघांनाही आळीपाळीने बोलता येते. आणि मग तो अंगावर काटा आणणारा देखावा: तोच चेहरा, तेच ओठ, आणि एका क्षणी मुलाचा कोवळा, ओळखीचा आवाज, दुसऱ्या क्षणी तो घुमणारा आवाज. फिर्यादी आणि आरोपी एकाच खुर्चीत बसले आहेत.

माझी सहानुभूती अर्थातच स्काराकडे होती. तरीही मी प्रामाणिकपणे क्लोरेलच्या बाजूने विचार करून पाहिला. गोआउल्ड जन्मतः परजीवी आहे. यजमानाशिवाय त्याला हात नाहीत, वाचा नाही, जगात वावरण्याची सोय नाही. त्यातून त्यांच्या जातीत पूर्वजांची स्मृती रक्तातूनच उतरते, म्हणजे पिल्लू जन्माला येते तेच साम्राज्याच्या आणि क्रौर्याच्या आठवणी घेऊन. त्याने हा जन्म मागितला नव्हता. मग त्याला दोष कसा द्यायचा? हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. परंतु गरज कितीही खरी असली तरी तिच्यातून दुसऱ्याच्या देहावर हक्क निर्माण होत नाही, हे मला तितकेच स्पष्ट दिसते. पाण्यात बुडणाऱ्याने माझा हात धरला तर मी त्याला दोष देणार नाही. पण तो माझ्या खांद्यावर चढून मला कायमचे पाण्याखाली ठेवणार असेल, तर मला त्याला ढकलण्याचा अधिकार आहे. तीन निर्णायकांपैकी शेवटचे मत नॉक्स या अहिंसक जमातीच्या लायाचे असते, आणि तीही स्काराच्या बाजूने कौल देते. निकाल योग्य आहे. आणि टोलनांनी क्लोरेललाही वकील दिला, त्याचेही ऐकून घेतले, याबद्दल मला त्या काल्पनिक लोकांविषयी मनापासून आदर वाटतो.

शारेच्या वाट्याला असा खटला आला नाही. अमोनेट तिच्या हातातल्या अस्त्राने डॅनियलचा जीव घेत असताना टील्क तिच्यावर गोळा झाडतो आणि शारे मरते. टील्क हा डॅनियलचा मित्र, आणि ती पळवली गेली तेव्हा अपोफिसच्या सेवेत असलेला सेनानीही तोच. नंतर उलगडते की त्या अखेरच्या क्षणांत शारेने त्याच अस्त्राच्या प्रवाहातून नवऱ्यापर्यंत आपला निरोप पोचवला होता: माझ्या मुलाला शोध, आणि टील्कला क्षमा कर. दोन वर्षे कोंडलेली, सगळे हिरावले गेलेली बाई, आणि मारेकऱ्याच्या शस्त्रातून तिने चिठ्ठी पाठवावी तशी क्षमा पाठवली. यजमानाचे काही उरत नाही म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर काय असणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. माझ्या मते या मालिकेचा नैतिक गाभा गोआउल्डांमध्ये नाही, तो टोक्रांमध्ये आहे. टोक्रा त्याच वंशाचे, पण ते संमतीशिवाय कोणाच्या देहात शिरत नाहीत, सार्कोफॅगस वापरत नाहीत कारण त्याने मन सडते, आणि शरीर दोघांनी वाटून वापरतात. येथे परजीवी हा शब्द गळून पडतो आणि सहजीवन हा शब्द येतो. जेकब कार्टर, डॅनियलच्याच पथकातल्या सामंथाचे वडील, कर्करोगाने मरणार आहेत. सेल्मक नावाच्या वृद्ध टोक्राची यजमानही मृत्युपंथाला लागली आहे. दोघे एक होतात आणि दोघेही वाचतात. एक जण बोलणे थांबवून दुसऱ्याला बोलू देतो तेव्हा मान क्षणभर खाली झुकते आणि पुन्हा वर येते. एवढीशी हालचाल, पण त्यात किती सभ्यता आहे! दारावर टकटक करून आत येणाऱ्या माणसासारखी.

मात्र लेखकांनी टोक्रांना संत केले नाही. जोलिनार ही टोक्राच, पण मारेकरी पाठीवर असताना ती सामंथाच्या देहात तिला न विचारता शिरली. शेवटी तिने स्वतःचा जीव देऊन सामंथाला वाचवले, म्हणून सगळे तिला माफ करतात. मला वाटते माफी ठीक आहे, पण घडले ते घडले होते.

आणि मग सहाव्या पर्वातले, पथकाचा प्रमुख असलेल्या ओनीलचे प्रकरण. अंटार्क्टिकातून आलेल्या रोगाने ओनील मरायला टेकला आहे. गोआउल्ड वंशातले काहीही आपल्या अंगात शिरावे याची त्याला मनापासून घृणा आहे, हे सर्वांना माहीत आहे. सामंथा त्याची मनधरणी करते आणि तो तात्पुरता होकार देतो. केनन नावाचा टोक्रा त्याला बरे करतो, आणि मग त्याच देहाला घेऊन, ओनीलला न विचारता, बाआल नावाच्या गोआउल्डच्या किल्ल्यात मागे राहिलेल्या एका स्त्रीला सोडवायला जातो. पकडला जातो तेव्हा केनन देह सोडून जातो आणि छळ ओनीलच्या वाट्याला येतो: मारायचे, सार्कोफॅगसमध्ये जिवंत करायचे, पुन्हा मारायचे. ज्या यंत्राने अमरत्व मिळते तेच यंत्र येथे न संपणारे मरण देते. मालिकेतला सर्वांत विदारक तपशील असा की केनन परत का गेला याचे उत्तर ओनीलमध्येच आहे. आपल्या माणसाला मागे सोडायचे नाही हा ओनीलचा स्वभाव. केननने त्याचे शरीर घेतले आणि शरीराबरोबर त्याची सदसद्विवेकबुद्धीही त्याच्या अंगात भिनली. मग चोरी कोणी कोणाची केली?

हा भाग पाहून मी रात्रभर जागी होते, त्याला माझे स्वतःचे कारण आहे. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात एका मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न होता. त्यांना ती नको होती. त्यांनी तसे दोनदा सांगितले होते. मी त्यांच्या पलंगाशी बसून, हात धरून, रडून त्यांना राजी केले. संमतिपत्रावर सही करताना त्यांनी चष्मा मागितला नाही, कागद वाचला नाही. माझ्याकडे पाहत सही केली. ती सही कायद्याने पूर्ण वैध होती. त्यानंतरचे पाच महिने त्यांच्या देहाचे जे हाल झाले ते माझ्या इच्छेसाठी झाले, हे मी जाणते. सामंथा पलंगाशी उभी राहून ओनीलला विनवते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे प्रेम दिसते, ते माझ्या चेहऱ्यावरही असणार. म्हणून एकदा दिलेला होकार पुरेसा आहे हे मला आता मान्य करता येत नाही. होकार नंतर कोणी पुन्हा विचारतो का, नको म्हणण्याची वाट शेवटपर्यंत उघडी असते का, यावर सारे अवलंबून आहे. ओनीलला नंतर कोणी विचारले नाही. माझ्या वडिलांना मीही विचारले नाही.

मालिकेबद्दल माझी एक गंभीर तक्रारही आहे. आपले नायक गोआउल्ड मारतात तेव्हा प्रत्येक वेळी आतला कैदीही मरतो, आणि याचा विसर लेखकांना वारंवार पडतो. वर सांगितलेल्या भागाचा शेवटच पाहा. अपोफिस मरतो आणि त्याचा देह त्याच्या वैऱ्याकडे, सोकारकडे, पाठवून दिला जातो. सोकार त्याला पुन्हा जिवंत करून छळेल याची नायकांना कल्पना असते, आणि पुढच्या पर्वात अपोफिस खरोखरच जिवंत परततो. म्हणजे तो लेखनिकही परतला असणार. त्याला सांगितले होते की दुःस्वप्न संपेल. त्याच्याबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढत नाही. एवढी मोठी गोष्ट सुटावी याचे मला फार वाईट वाटते.

याउलट आठव्या पर्वातला जेकबचा मृत्यू मी तीनदा पाहिला. सेल्मक म्हातारा होऊन मरतो आहे. त्याने वेळीच व्यवस्था केली असती तर जेकब वाचला असता, पण युद्धात दोघांची गरज होती म्हणून तो थांबला, आणि मग शुद्ध हरपल्यामुळे वेळ निघून गेली. जेकबची याबद्दल तक्रार नाही. त्याला मुलीबरोबरची काही वर्षे जास्तीची मिळाली, आणि ती त्याने मनापासून जगली. सामंथा शेजारी बसलेली आहे. सेल्मक आत निपचित आहे, त्यामुळे बोलताना जेकबची मान आता खाली झुकत नाही. बोलतो आहे तो एकटा तिचा बाप.