बसल्या जागी क्रीडाप्रेमी

पहिली गोष्ट, पहाटे उठू नका. पाच वाजता गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरं पळत असतात, पोलीस भरतीची. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारले तर 20 पैकी 20 गुण, मग 100 मीटर, मग सव्वासात किलोचा गोळा. एखाद्याच्या पायात बूट असतात, एखाद्याच्या नसतात. याला खेळ म्हणत नाहीत, 'तयारी' म्हणतात. तुम्हाला मराठवाड्यात नावाजलेला क्रीडाप्रेमी व्हायचं आहे ना? मग रात्री बारापर्यंत मॅच पाहा, सकाळी नऊला उठा आणि कर्णधाराचं कुठं चुकलं ते हॉटेलात चहावर सांगा. पोट सुटलेलं असेल तर चांगलंच. सुटलेल्या पोटाच्या माणसाचं फील्डिंगबद्दलचं मत लोक जास्त गांभीर्यानं ऐकतात.

सुरुवात सलूनमधून करा. खुर्चीत बसलात की कारागीर विचारतो, "कोणाचा मारू? विराट का हार्दिक?" तुमच्या डोक्यावर हार्दिकला पुरतील एवढे केस उरलेत का, हे तो सभ्य माणूस विचारत नाही. बाजूनं झिरो, वर झुबका, दाढीला धार. झालं निम्मं क्रिकेट. उरलेलं निम्मं हातवाऱ्यांत असतं. एका तेलुगू सिनेमातल्या चंदनतस्कराची हनुवटीखालून हात फिरवायची लकब आधी डेव्हिड वॉर्नरनं उचलली, मग रवींद्र जडेजानं विकेट काढून मैदानात केली, आणि त्या साली लगीनसराईत आमच्याकडच्या नवरदेवांनी ती थेट मारोतीच्या पारावर केली. घोडं बिचारं शांत होतं. त्यानं सिनेमा पाहिलेला नव्हता.

लग्नाचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. आयपीएल 2008 साली सुरू झाली आणि तिनं नेमकी आपली लगीनसराईच धरली, एप्रिल-मे. तेव्हा सोयरीक जुळली की भटजीकडं जाण्याआधी पोराला मोबाइलवर सामन्यांचं वेळापत्रक काढायला लावा. पत्रिकेत तिथी 12 वाजून 35 मिनिटांची छापतात. मग माजी सभापतींचं आगमन होतं, आजी सभापतींचं होतं, दोघांनाही टॉवेल-टोपी होते, दोघंही वधूवरांना 'दोनच शब्दांत' शुभेच्छा देतात आणि लग्न लागतं साडेतीनला. दुपारची मॅचही साडेतीनलाच सुरू होते. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. मी एका लग्नात मांडवात होतो. नवरीचा मामा तिच्या पाठीशी उभा, हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि शर्टाच्या खिशात मोबाइल, आवाज बारीक करून. अक्षता पडल्या आणि तेवढ्यातच तिकडं विकेट पडली. मांडवात जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो नेमका कशासाठी, हे नवरीच्या बापाला अजून कळलेलं नाही. गैरसमज आहे तो राहू द्या. एलईडी भिंतीवर नवरा-नवरीचे गवतात लोळतानाचे फोटो दाखवणाऱ्या पोरानं तर मला कानात विचारलं, "मधून मधून स्कोअर टाकू का?" अशा दूरदृष्टीच्या माणसाला आहेर करायला विसरू नका.

आता मुख्य काम, स्पर्धा भरवणं. हरभरा निघाला की रान मोकळं होतं. ढेकळं फोडा, टँकरनं पाणी मारा, सिमेंट भरलेलं पिंप फिरवून पीच काढा. पण त्याच्याआधी फ्लेक्स. फ्लेक्सवर मधोमध अण्णा, अण्णांच्या वर त्यांचे मोठे साहेब, खाली एका ओळीत 'शुभेच्छुक' म्हणून 27 तोंडं, सगळ्यांना गॉगल. जागा उरली तर कोपऱ्यात बॅट आणि चेंडू. बॅट अण्णांच्या मिशीपेक्षा लांब दिसता कामा नये. प्रथम पारितोषिक 51,001 रुपये ठेवा. जिंकणाऱ्या संघाला त्यातला वरचा एक रुपया नक्की मिळतो, बाकीच्यासाठी त्यांनी पुढच्या वाढदिवसापर्यंत संपर्कात राहायचं असतं. मधली काही वर्षं जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबल्या, तेव्हा कुठल्याही रानात जावं तर चषक. इच्छुकाला मत मागायची सोय नव्हती, पण पोरांना टेनिस बॉल वाटायला आचारसंहिता आडवी येत नव्हती.

उद्घाटनाला साहेब स्वतः बॅट धरतात. पांढरी विजार, पांढरा शर्ट, डोक्यावर फेटा. चेंडू हळूच, खालून टाकायचा असतो. गेल्या साली एका पोरानं, कसं कोण जाणे, यॉर्कर टाकला आणि त्रिफळा उडाला. पंचानं तत्परतेनं नोबॉल दिला. कुठं रेष ओलांडली, असं त्या पोरानं विचारलं. संध्याकाळच्या सामन्यात ते पोरगं राखीव होतं.

कॉमेंट्रीवाला निवडताना त्याला क्रिकेट कळतं का ते पाहू नका, नावं पाठ होतात का ते पाहा. चेंडू हवेत आहे, खाली दोन पोरं एकमेकांवर आदळायच्या बेतात आहेत आणि हा सांगतोय, "आताच आपल्यामध्ये आगमन झालंय, आपल्या भागाचे सुप्रसिद्ध गुत्तेदार..." त्यातच त्याचं कसब. षटकार उसात गेला की चेंडू सापडेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. तेवढ्यात देणगीदारांची यादी वाचून होते. म्हणून मैदान निवडताना एका बाजूला ऊस असलेलं निवडा. लई जुना अनुभव आहे.

पण नुसती स्पर्धा आता मागं पडली. आता गावाची प्रीमियर लीग निघते आणि मंगल कार्यालयात खेळाडूंचा लिलाव होतो. संघमालक कोण? एक गुत्तेदार, एक प्लॉटिंगवाला, एक वाळूच्या टिप्परवाला आणि एक आडत्या. लिलाव पुकारायला आडत्याचाच मुनीम घ्या. सकाळी मोंढ्यात सौदे काढून घसा तापलेला असतो. कालपर्यंत बांधावर म्हशी वळणारं पोरगं स्टेजवर उभं राहतं, पडद्यावर त्याचा हात बांधलेला फोटो येतो आणि बोली लागते. बापाला हे दाखवायला आणा. आपला माल कसा विकला जातो हे त्याला ओळखीचं वाटेल.

इथं थोडं थांबतो, कारण मला या लिलावाचं मनापासून कौतुक आहे. आपल्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला 2022 च्या आयपीएल लिलावात चेन्नईनं दीड कोटीला घेतलं. मूळ किंमत 30 लाख. त्या लिलावाचा नियम मोठा सुंदर आहे, मूळ किमतीच्या खाली बोलीच लागत नाही. नको असेल तर घेऊ नका, पण 'पोरगं जरा ओलं आहे, 22 लाखांत द्या' असं कोणी म्हणत नाही. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 साठी 5,328 रुपये क्विंटल जाहीर झाला. मोंढ्यात सौदा निघाला तो त्याच्या बऱ्याच खाली, वर ओल आणि माती म्हणून कापाकापी वेगळी. म्हणजे हमीभाव ही संकल्पना देशात काटेकोर पाळली जाते ती फक्त क्रिकेटच्या लिलावात. तेव्हा शेतकरी बापांनो, पेरा बदला.

मोबाइलच्या ॲपवर पैसे लावून मॅचमधल्या खेळाडूंची आपली टीम लावायची सोय मात्र गेली. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून त्या धंद्यातल्या एका बड्या कंपनीचं नाव उतरलं. त्याआधी आमच्याकडं सकाळी माणूस भेटला की पाऊस-पाणी विचारायच्या आधी 'टीम लावलास का?' विचारायचा. सोसायटीचं कर्ज थकलेल्या माणसाला वेस्ट इंडीजच्या सहाव्या नंबरच्या बॅट्समनचा स्ट्राइक रेट तोंडपाठ असायचा. हे ज्ञान आता वाया जाणार. आमच्या गल्लीतले एक तात्या तर अजूनही सवयीनं उपकर्णधार निवडतात, फुकट.

आपल्या भागाचं नाव क्रिकेटच्या बातम्यांत यावं असं वाटत असेल तर त्याचाही उपाय आहे, दुष्काळ पाडा. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. पिचला लागणारं पाणी हा मुद्दा होता. मुंबईतला अंतिम सामना त्यामुळं बंगळूरुला गेला. लातूरकरांनी एकही चेंडू न टाकता आयपीएलची फायनल हलवली, असा विक्रम दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या नावावर नाही. आणि लातूरकरांनी ती फायनल पाहिलीच, घागरी नंबराला लावून.

दुष्काळ जमला नाही तर अतिवृष्टी. सप्टेंबर 2025 मध्ये सीना, सिंदफणा पात्र सोडून वाहत होत्या, परंड्याकडं माणसं पाण्यात अडकली होती, सोयाबीन शेंगेतच कुजलं. त्याच महिन्यात दुबईत आशिया चषक चालू होता. पाकिस्तानशी हात मिळवावा का, 28 तारखेला जिंकलेला चषक कोणाच्या हातून घ्यावा, असे निकडीचे प्रश्न होते. अशा वेळी गुडघाभर चिखलात उभं राहून हस्तांदोलनावर ठाम मत द्या. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत वेळ असतोच.

शाळेचं फार सांगण्यासारखं नाही. पी.टी.चा तास गणिताला द्या. लातूर असेल तर सोबत चित्रकलेचाही फिजिक्सला द्या. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या पोरींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा स्टेटस ठेवलं असेलच. घरातल्या पोरीनं दुसऱ्या दिवशी बॅट मागितली तर 'यंदा दहावीचं वर्ष आहे' म्हणा. ती सातवीत असली तरी. आणि खेळात पैसा नाही, असं कोणी म्हणालं तर त्याला डिसेंबर 2024 ची बातमी सांगा. छत्रपती संभाजीनगरात क्रीडा संकुलाच्या खात्यातून 21 कोटींहून जास्त रक्कम वळवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि आरोप 13 हजार पगारावरच्या कंत्राटी कर्मचाऱ्यावर होता. निकाल कोर्ट देईल. आपण एवढंच लक्षात ठेवायचं की खात्यात 21 कोटी होते.

राहता राहिला अभिमान. तो बाळगा, पण खोलात जाऊ नका. बीडच्या सचिन धसचं एक बरं आहे. बापानं तेंडुलकरवरून नाव ठेवलं, पोरानं 2024 च्या 19 वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात 96 काढले, सगळं समजण्यासारखं. अवघड आहे ते आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं. त्याच्या खेळाचं नावच धड घेता येत नाही. स्टीपलचेस. 3000 मीटर पळायचं, 28 अडथळे आणि वर 7 वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. आष्टीच्या माणसाला हे पाणी कुठं दिसलं, हाच खरा प्रश्न. लहानपणी शाळेसाठी रोज पाच-सहा किलोमीटर पळायचा, बारावीनंतर फौजेत गेला, महार रेजिमेंट, सियाचीनला राहून आला. राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं 1998 पासून केनियाच नेत होता; 2022 ला बर्मिंगहॅममध्ये हा मध्येच घुसला आणि रौप्य काढलं. सोनं हुकलं ते 0.05 सेकंदानं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनंही आणलं. पण विचार करा, शर्यत आठ मिनिटांत संपते. षटकं नाहीत, मध्ये जाहिराती नाहीत, चेंडू उसात जायची सोय नाही. गुत्तेदाराचं नाव घ्यायचं कधी? तेव्हा तो आला की सत्काराचा फ्लेक्स लावा, अण्णा मधोमध, साबळे खाली डावीकडं. गॉगल मात्र फोटोशॉपमधून घाला, एकसारखं दिसतं.

एक अडचण तेवढी राहते. लीगची फायनल लांबते, बक्षीस वाटप लांबतं, मग ढाब्यावर मटण होतं आणि घराकडं निघेपर्यंत पाच वाजतात. गाडीच्या उजेडात तीच पोरं दिसतील, रस्त्याच्या कडेनं एका रांगेत. मागं एकजण मोटारसायकलवर, मोबाइलवर वेळ लावून ओरडत असतो, "पाच वीस! अजून दहा सेकंद काढायचेत लेका!" सगळ्यात पुढचं पोरगं ओळखीचं वाटेल. साहेबांचा त्रिफळा उडवणारं. काच खाली घेऊ नका. लांबूनच अप्पर मारा, हॉर्न द्या. ती पोरं मागं न बघता डांबर सोडून खाली मातीत उतरतात आणि तिथून पळत राहतात.