मनगटावरचा मुकादम

रात्रीचे अकरा चाळीस. अख्खं घर झोपलेलं आणि मी अंधारात, अनवाणी, स्वयंपाकघर ते बाल्कनी येरझाऱ्या घालतेय. मनगटावर ९,६१२ हा आकडा चमकतोय. दहा हजाराला अजून ३८८ पावलं. बाराच्या ठोक्याला घड्याळ सगळं पुसून शून्यावर येतं, म्हणजे दिवसभराची पायपीट पाण्यात. आठव्या की नवव्या फेरीला सासूबाईंच्या खोलीतला दिवा लागला. दारात उभं राहून त्यांनी माझ्या दोन फेऱ्या नीट न्याहाळल्या आणि हळूच विचारलं, "अगं, काही बिनसलंय का तुमचं दोघांचं?"

"नाही हो आई. पावलं कमी पडतायत."

यातून त्यांना काय कळलं देव जाणे. पण सकाळी त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन चांगली समज दिली. घोरण्यापलीकडे त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता.

हे घड्याळ मला वाढदिवसाला मिळालं. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, असं मी धरून चालते. तासभर बसून राहिलं की ते मनगटात गुरगुरतं: 'उठा, हालचाल करा.' वेळकाळ त्याला कळत नाही. एकदा एका घरी सांत्वनाला गेले होते. थोरली मंडळी जुन्या आठवणी सांगत होती, बाकीचे माना खाली घालून बसले होते, आणि हे गुरगुरलं. मी उठले. खरंच, ताडकन उठून उभी राहिले! सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा "पाणी आणते" म्हणून आत सटकले. आत गेल्यावर त्या घरात माठ कुठे असतो ते शोधण्यात साठेक पावलं झाली. ती मोजल्याचं समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची लाज वाटली.

लाज ही माझी मुख्य कसरत. पहाटे साडेपाचचा गजर होतो. मी उठत नाही, पण झोपतही नाही. चाळीस मिनिटं पांघरुणात स्वतःला बोल लावत पडते. तेवढ्या वेळात व्यायाम उरकला असता, हेही त्याच चाळीस मिनिटांत मनात येतं. मग दिवसभर लिफ्टमध्ये शिरताना जिन्याकडे बघायचं नाही, असा शिरस्ता. दाराआड योगाची गुंडाळी उभी आहे. दार जोरात उघडलं की ती धाडकन पडते. मी वाकून ती उचलते, पुन्हा उभी करते. आमचं पादहस्तासन एवढंच.

आणि ट्रेडमिल. त्यावर टॉवेल छान वाळतात. या यंत्राचा पूर्वज विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास तुरुंगासाठी बनवला होता. कैद्यांनी तासन्‌तास त्या फिरत्या चाकाच्या पायऱ्या चढत राहायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनाच ही शिक्षा फार क्रूर वाटली आणि कायद्याने ती बंद झाली. तिथले कैदी सुटले. आमच्या बेडरूममध्ये ते अजून प्लगला जोडलेलं आहे.

पण माझं डोकं खरं फिरलं ते दहा हजाराची जन्मकथा वाचून. हा आकडा कुणा डॉक्टरने नाडी धरून सांगितला असेल, अशी माझी भाबडी समजूत. तर नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. जिच्यापायी मी मध्यरात्री सासूबाईंची झोपमोड केली, ती संख्या एका यंत्राचं पाळण्यातलं नाव होती!

संशोधकांनी पावलं आणि आयुष्य यांचा ताळा घातला तो बराच नंतर. अमेरिकेतल्या वयस्क बायकांची एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे आणखी फरक दिसेना. मी ७२ ची नाही, पण पहाटे साडेपाचला असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करायला सांगते, आणि ती सलग दहा मिनिटं तरी हवी ही जुनी अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे सुटणाऱ्या बसमागे धावलेलंही हिशेबात धरतात. मी मात्र ते 'उशीर' या खात्यात मांडत आले होते.

या अपराधी वाटण्यानं मला एक दिवसही जास्त चालवलं नाही, तो मध्यरात्रीचा प्रकार सोडला तर. उलट दुपारी चारला आकडा दोन हजारावर दिसला की मी उरलेल्या दिवसाचा नादच सोडायची. आता कसले दहा हजार होतायत! मग सोफ्यावर बसून रीतसर वाईट वाटून घ्यायचं. वाईट वाटून घेतलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, ही त्यातली खरी गोम.

शेवटी घड्याळ काढून ठेवलं. दोन-तीन दिवस रिकाम्या मनगटात गुरगुर जाणवत राहिली. संध्याकाळी सासूबाईंबरोबर कोपऱ्यापर्यंत जायला लागले. त्या दर वीस पावलांना थांबतात: ओळखीचं कुणी दिसलं की बोलायला, आणि अनोळखी दिसलं तर तो कोण याचा अंदाज बांधायला. पहिल्या दिवशी मला चुटपुट लागली, मोजली गेली नाहीत म्हणून. अजूनही कधीकधी लागते.

घड्याळ आता सासूबाई वापरतात. आकडे मोठे दिसतात म्हणून. परवा त्या खुर्चीत बसून नातवाचा स्वेटर विणत होत्या आणि घड्याळ थरथरलं. त्यांनी हात माझ्यापुढे धरला. काचेवर रंगीत आतषबाजी चाललेली.

"हे काय गं म्हणतंय?"

"अभिनंदन करतंय आई. तुमचं आजचं चालणं पूर्ण झालं."

त्यांनी एकदा सुयांकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. मग चष्मा नीट करून म्हणाल्या, "गुणाचं आहे हो," आणि पुढची ओळ विणायला घेतली.