हँडल आणि खांब

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

साडेसहाला दूध आणायला गेले होते. आमच्या कोपऱ्यावर सायकल ट्रॅक सुरू होतो तिथे दोन लोखंडी खांब रोवलेत. समोरून एक काका आले, अंगात सिक्युरिटीचा शर्ट, हँडलला डबा. हँडलचं टोक खांबाला लागलं आणि काका सायकलसकट आडवे. पोळ्या पेव्हर ब्लॉकवर. धावत गेले, "काका, लागलं का?" तर म्हणतात, "नाही ताई, सवय आहे."

सवय आहे!

दुचाक्या अडवायला खांब लावलेत म्हणे. अहो, सायकलचं हँडल ६० सेंटिमीटरच्या आसपास, स्कूटरचं ७०. तेवढ्या फरकात स्कूटर अडवायची आणि सायकल सुखरूप सोडायची, हे कसं जमणार? आखणाऱ्याने एकदा सायकलवर बसून तिथून जाऊन बघायचं ना. पुढे प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो, परत चढतो. मधेच विजेची डीपी पेटी, मधेच बसस्टॉप. आणि चौक आला की ट्रॅक गायब. डावीकडे वळणारी बस जिथे अंगावर येते, नेमकं तिथेच सायकलवाला उघड्यावर.

दुचाकीवाले घुसतात, मान्य. पण त्याची शिक्षा काकांना का? गेटपाशी ट्रॅक आहे त्याच उंचीवर न्या, गाडीने चढून ओलांडू दे, आपोआप हळू होईल. चौकात सायकलींना गाड्यांच्या पुढे थांबायला जागा द्या.

लगेच कोणीतरी म्हणेल, आपण काय नेदरलँड्स आहोत? तिथेही चांगले सायकल ट्रॅक आयते मिळाले नाहीत. १९७१ या एका वर्षात तिथल्या रस्त्यांवर अपघातांत ४०० हून जास्त मुलं गेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. आणि आपलं पुणं तर सायकलींचंच शहर होतं की. २०१७ मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर झालाय. कागदावर सगळं आहे.

काकांनी वरची पोळी उचलली, झटकली, डब्यात ठेवली. मी म्हटलं घरून दुसऱ्या आणून देते, तर म्हणाले, "नको, सातची ड्युटी आहे." खरचटलेल्या हाताने हँडल सरळ केलं आणि गेले. ट्रॅकवरून नाही, रस्त्यावरून, गाड्यांमधून.

उद्या साडेसहाला मी टेप घेऊन तिथे जाणार आहे. खांबांमधलं अंतर मोजून, फोटो काढून लेखी तक्रार देणार. टेपचं दुसरं टोक धरायला कोण येतंय?