आतलं की बाहेरचं?

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की डॉक्टर कुठला हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं असतं ते आतलं आहे की बाहेरचं. आतलं म्हणजे पित्त, ताप, सांधेदुखी. बाहेरचं म्हणजे कुणाची नजर लागली, तिन्हीसांजेला नको तिथून गेलात, नाहीतर राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, मान द्यायचा राहिला. ते ठरलं की पुढे एक तर गोळी, नाहीतर गाऱ्हाणं. ठरलंच नाही तर दोन्ही. वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्यामुळे आमच्या पडवीतल्या कॉम्प्युटरला काहीतरी होऊ लागलं आणि पुण्याच्या पुतण्याने फोनवर "काका, व्हायरस आहे की हार्डवेअर, ते आधी बघा" असं सांगितलं, तेव्हा प्रश्न मला ओळखीचाच वाटला.

कॉम्प्युटर साधा, जुळवून घेतलेला. त्याच्यावर आमच्या तीन खोल्यांच्या होमस्टेची बुकिंगं आणि काजूचे हिशोब चालतात. उन्हाळाभर तो गुमान होता. मृगाचे पहिले दोनचार पाऊस झाले आणि लक्षणं दिसायला लागली. लक्षणं चिक्कार होती आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसत नव्हता. कधी सकाळी सुरू केला की तारीख 1 जानेवारी 2009. मग ब्राउझर एकही साईट उघडून देईना, लाल अक्षरांत दम भरायचा की हे कनेक्शन सुरक्षित नाही. कधी पडद्यावर आडव्या हिरव्या रेघा. कोपऱ्यात अधूनमधून एक चौकोन उगवायचा, 'तुमच्या पीसीवर 5 व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा.'

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो आपणहून टाईप करायला लागला.

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या त्या मराठी मांडणीत, लिहिणाऱ्यांना ठाऊक असेल, इंग्रजी एसच्या बटणावर एक मात्रा असते. मी नाशिकच्या एका कुटुंबाला लिहिलं, 'आपलं बुकिंग पक्कं आहे', आणि हात बाजूला घेतला. मात्रा थांबेनात. 'आहेेेेेेेे' अशी ओळ पडद्याच्या दुसऱ्या टोकाला निघाली. माझं बोट एंटरवर पडलं आणि पत्र तसंच गेलं. त्यांचा फोन आला, "सगळं ठीक आहे ना तिकडे?" पासवर्डच्या चौकटीत तर कुणी हात न लावता काळे ठिपके धावायचे. बँकेच्या साईटने चुकीचा पासवर्ड फार वेळा पडला म्हणून खातं बंद केलं आणि मेसेज धाडला की कुणीतरी तुमच्या खात्यात शिरायचा प्रयत्न करतंय. आता सांगा, हे वाचून माणसाने काय समजायचं?

गावात बातमी पसरायला इंटरनेट लागत नाही. संध्याकाळी पडवीत मंडळी जमली आणि तट पडले. शेजारचे तात्या बँकेतून निवृत्त झालेले, ते व्हायरसवाले. त्यांच्या तरुणपणी व्हायरस उघड्यावर नाचायचे. 1987 च्या सुमाराला कॅस्केड नावाचा एक होता, त्याच्यामुळे पडद्यावरची अक्षरं सुटून पावसासारखी तळाशी जमा व्हायची. लोकांना वाटायचं मॉनिटर बिघडला. 26 एप्रिल 1999 ला सीआयएच नावाच्या व्हायरसने तर हद्द केली. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख आणि त्या व्हायरसची एकच, म्हणून त्याला चेर्नोबिलही म्हणत. तो हार्डडिस्क पुसायचाच, शिवाय मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस, म्हणजे कॉम्प्युटरला सुरुवातीला जागं करणारा प्रोग्रॅम, तोही खरवडायचा. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर मेलेला, आणि दुरुस्तीवाला म्हणणार बोर्ड गेला. "म्हणजे बाहेरच्याने आतलं खाल्लं," तात्या म्हणाले. ह्यावर आईने जोरात मान हलवली.

वायरमनचं मत एकच आणि ते कुठल्याही प्रसंगाला चालतं. "भाऊ, अर्थिंग बघलास? अर्थिंग नाय, तर काय्येक नाय."

आईचं निदान त्याहून झटपट. "बाहेरचा काय्येक असतला. परवा तिन्हीसांजेक तू ता उघडा टाकून खळ्यात गेल्लंस." तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या. ओवाळताना चार दाणे कीबोर्डवर पडले, तो तपशील पुढच्या हिशोबात धरावा की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

पुतण्याचा उपाय फॉरमॅट. ह्या पिढीला काहीही सांगा, ती फॉरमॅट मारायला निघते. मी म्हटलं, घरात माणूस बरळतोय म्हणून त्याची स्मृती पुसत नाहीत, आधी ताप बघतात. तेव्हा त्याने जरा नाखुशीने परीक्षा सांगितल्या, आणि त्या मात्र कामाच्या निघाल्या.

पहिली फारच सोपी. आपोआप टाईप होतंय ना? कीबोर्डची वायर काढा. अक्षरं थांबली तर दोष कीबोर्डात. वायर हातात धरून बसलात आणि तरी अक्षरं येतच राहिली, तर घाबरायला हरकत नाही. मी वायर उपसली. मात्रा जागच्या जागी थांबल्या. तात्यांचा चेहरा पडला, पण ते म्हणाले, "तो हुशार असेल, कळलं असेल त्याला."

दुसरी परीक्षा अशी, की पेनड्राईव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, भरून कॉम्प्युटर तिच्यावर चालू करायचा. आपली हार्डडिस्क तेव्हा झोपलेली, तिच्यातला व्हायरसही झोपलेला. तरीही रेघा आल्या तर त्या व्हायरसच्या नव्हेत. रेघा आल्या. त्याही आधी, विंडोजचा पत्ता नसताना बायोसच्या निळ्या पडद्यावरसुद्धा आल्या. मॉनिटरच्या पाठीत वायरमनने एक थोपटा दिला आणि त्या गेल्या. तेव्हापासून माझं मत असं झालंय की थोपटल्यावर पळतो तो आजार व्हायरसचा नव्हे. तारही सैल होती, आणि तिच्या पिनांवर हिरवट राप चढला होता.

राहिला तो कोपऱ्यातला चौकोन. सगळ्यांत जास्त भीती त्याची, आणि निघाला सगळ्यांत फुसका. मे महिन्यात उतरलेल्या पाहुण्यांच्या पोरांनी कुठल्याशा साईटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिली होती, ती साईट आता रोज आरोळी ठोकत होती. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढली, चौकोन मेला. तो व्हायरस नव्हताच, जाहिरात होती. त्या नंबरवर फोन केला असता तर मात्र पलीकडच्या गोड आवाजाच्या गृहस्थाने आमचा कॉम्प्युटर दुरून हातात घेऊन खातं साफ केलं असतं. तात्यांच्या काळातले व्हायरस मिरवायचे, कारण पोरांना नाव कमवायचं होतं. आता पैसा कमवायचा असतो. खरा चोर 'मी आलोय' असा बोर्ड लावत नाही.

खरा चोर होता, आणि तो गप्प होता. काजूच्या पावत्या छापायला पेनड्राईव्ह बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे जातो आणि येताना पाहुणा घेऊन येतो. त्यातले फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवायचे, ही त्या व्हायरसची जुनी रीत. आपण फोल्डर समजून शॉर्टकट दाबतो आणि तो आपल्या हाताने आत येतो. आमच्याकडे तो कधीपासून मुक्कामाला होता देव जाणे. ना रेघ, ना मात्रा, ना तारीख, कशाशी त्याचा संबंध नव्हता. सगळ्या गोंधळात त्याच्यासारखा सभ्य प्राणी दुसरा नाही. तात्यांनी टास्क मॅनेजरमध्ये एक मोठा संशयितही पकडला होता, 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल', भरपूर प्रोसेसर खाणारा. तो विंडोजचा स्वतःचाच पहारेकरी निघाला. तात्यांचं म्हणणं, नावात अँटी लावलं की कोण विचारणार?

पण पावसाचा आणि कीबोर्डचा संबंध काय, हे ना पुतण्याला सांगता येत होतं ना तात्यांना. दुपारी ऊन पडलं की कीबोर्ड शहाणा, सर आली की पुन्हा मात्रा सुरू. ते कोडं सुटलं स्वैपाकघरात. बायको मिठाची बरणी घेऊन बाहेर आली. "ओ, ह्या मीठ बघल्यात?" बरणीच्या तळाला बोटभर पाणी, वर ओला लगदा, लाकडी चमचा त्यात उभा. पावसाळ्यात हे घरोघर होतं, आम्ही बरणीत तांदळाचे दाणे टाकतो आणि विसरतो. हवेतला दमटपणा साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाणी होतं. शिरोड्यात मिठागरं आहेत, 1930 साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि पडवी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. वाऱ्याबरोबर उडून येणारं खारं पाणी उन्हाळाभर कीबोर्डच्या फटींत, पिनांवर, बोर्डवर सुकत बसतं. सुकलेलं असतं तोवर कुणाच्या अध्यात ना मध्यात. आषाढात ते पाझरतं, आणि खाऱ्या पाण्यातून वीज मजेत चालते. कीबोर्डच्या पोटात प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांवर विजेच्या वाटा छापलेल्या. बोटाने दाबल्यावर त्या जुळायच्या. आता खारवणीने जुळत होत्या, बोट नसताना.

"व्हायरसाक ऊन-पाऊस कळता?" बायकोने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

तारखेचंही तिनेच सांगितलं. रात्री लाईट गेली की सकाळी 2009, नाही गेली की तारीख बरोबर. प्लग लावलेला असला की बोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालतं. लाईट गेली की ते एका चपट्या सेलच्या जिवावर, सीआर2032, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्यासारखा. तो संपलेला. साईटची प्रमाणपत्रं अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालतात, आणि कॉम्प्युटरच्या मते ती अजून जन्मालाच आलेली नव्हती. म्हणून तो लाल दम.

शेवटी बाजारातला दुरुस्तीवाला मुलगा आला. त्याने कॅबिनेटचं झाकण काढलं आणि सगळी मंडळी पुढे वाकली. कडेला पालीची दोन पांढरी अंडी चिकटलेली. मागच्या, कधी न वापरलेल्या खाचेत कुंभारीण माशीने मातीचं घर लिंपलेलं, इतकं नीट की ते तोडताना मुलानेही जीभ चावली. रॅम उपसून त्याने तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, काळी भुकटी फुंकरली, जुन्या टूथब्रशने बोर्डावर आयपीए, म्हणजे सफाईचं अल्कोहोल, घासलं. नवा सेल, नवी तार, नवा कीबोर्ड. मग पेनड्राईव्ह घेऊन तो काही वेळ नुसता पडद्याकडे बघत बसला, मध्ये चहा प्याला, आणि पावती फाडली.

पावतीवर दोन ओळी. 'हार्डवेअर, सामानासह' आणि खाली 'व्हायरस काढणे'. तात्यांनी खालची ओळ मोठ्याने वाचली, वायरमनने वरची. आई म्हणाली, माशी बाहेरसूनच इली ना, मग? माझं लक्ष आकड्यांवर. खालचा वरच्यापेक्षा मोठा होता.

मी म्हटलं, "अरे, सेल, तार, कीबोर्ड, घासणं, सगळं मिळून इतके, आणि नुसतं स्कॅन लावून बसलास त्याचे त्याहून जास्त?"

"काका," तो टूथब्रश पिशवीत टाकत म्हणाला, "जा दिसता त्येचो भाव तुमका ठावक असता. त्येच्यात माका काय सुटणा नाय."