यादी गेली, आता शेरे मागा

फेब्रुवारी 2025मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'यूजीसी-केअर' ही मान्यताप्राप्त शोध-नियतकालिकांची यादी बंद केली. कुठलं नियतकालिक चांगलं, हे आता संस्थांनीच पारखायचं. भारतातल्या माझ्या प्राध्यापक मित्रांमध्ये तेव्हापासून एकच वाद: यादी हवी की नको? यादी नसली की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस नियतकालिकांचं फावेल, ही भीती खरी आहे. पण यादीने तरी कुठे राखण केली? 'केअर'च्या आधीच्या यादीतून मे 2018मध्ये आयोगालाच 4,305 नियतकालिकं काढावी लागली होती.

इंग्लंडमध्ये आठ वर्षं काढल्यावर मला वाटतं, वाद चुकीच्या जागी अडलाय. माझा इथला पहिला लेख परत आला, तेव्हा सोबत दोघा परीक्षकांचे, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणाऱ्या त्याच विषयातल्या अभ्यासकांचे, शेरे होते. एकाने तीन ओळींत आटोपलं होतं. दुसऱ्याने चार पानं लिहिली होती. त्यातला एक शेरा: 'तक्ता 2मध्ये 118 जण, आकृती 3मध्ये 112. सहा जण कुठे गेले?' ते मी विश्लेषणातून गाळले होते आणि तसं लिहायचं राहून गेलं होतं. त्यांना परत घेतल्यावर माझा एक निष्कर्ष टिकलाच नाही. इतकं बारकाईने वाचणाऱ्या त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही, आणि त्या कामाचे त्याला पैसेही मिळाले नसणार.

इथेही सगळं आलबेल नाही. परीक्षक मिळत नाहीत म्हणून लेख महिनोन् महिने पडून राहतात. पण पद्धत बदलते आहे. छापायचा प्रत्येक शोधलेख आधी बाहेरच्या परीक्षकांना दाखवायचा नियम 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने केला तो 1973मध्ये, म्हणजे तोही फार जुना नाही. जून 2025पासून आलेले शोधलेख छापताना 'नेचर' परीक्षकांचे शेरे आणि लेखकांची उत्तरंही खुली करतं.

आपल्या निवड समित्यांनीही हेच मागावं. लेखासोबत शेरे दाखवा. एका मित्राला तिसऱ्या दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं, सोबत शुल्काची रक्कम, शेरा एकही नाही. अशा नियतकालिकाची परीक्षा तिथेच होते, त्याला यादी कशाला? आणि पदोन्नतीत लेख मोजता, तसं मन लावून केलेलं परीक्षणही मोजा.

परीक्षण शिकवावंही लागतं. इथे संपादकाची परवानगी घेऊन मार्गदर्शक पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना परीक्षण करताना सोबत बसवतात. मागच्या आठवड्यात माझ्या विद्यार्थिनीने तिचे पहिले शेरे लिहिले. पाचव्या मुद्द्यापाशी ती अडली आणि म्हणाली, "नेमकं काय दुरुस्त करायचं, हे यातून लेखकाला कळेल का?" आम्ही ते एक वाक्य तीनदा लिहिलं.