काशीचे पैसे

आज दुपारी आमच्या दहावीच्या ग्रुपवर मतदान झालं. १९९५ ची बॅच, तीस वर्षं झाली, तर काय करायचं? व्हिएतनाम ३८ मतं. शाळेतली मुलींची मुतारी दुरुस्त करणं, ५ मतं. वर एकाने लिहिलं, "मुतारीसाठी कोण गेट-टुगेदर करतं का!" त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग. त्यातली पहिली इमोजी माझ्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीची. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

त्या मुतारीची गोष्ट तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे. तरी सांगते.

१९९३. मी आठवीत. शाळेत मुलींसाठी काहीच नव्हतं. सकाळी घरून निघताना आम्ही पाणी प्यायचो नाही. अगदीच झालं तर घाणेरीच्या झुडपामागे, एकीने दप्तर आडवं धरून उभं राहायचं. नाहीतर समोरच्या दूधवाल्या आजीची मोरी. मधल्या सुट्टीत तिच्या दारात आमची रांग लागायची. पाळी आली की चार दिवस शाळाच बुडायची, आणि काहींची कायमची सुटली.

आजी एकटी होती, दोन म्हशी सांभाळायची. गावच्या बायकांची काशीयात्रेची बस ठरली होती आणि ती किती वर्षांपासून त्यासाठी पैसे साठवत होती. हजेरीपत्रक ठेवायला मी हेडसरांच्या खोलीत गेले तेव्हा ती डालड्याचा डबा टेबलावर पालथा करत होती. दोनच्या, पाचच्या, दहाच्या नोटा, लुगड्याच्या काठाने बांधलेल्या. नोटांना दुधाचा वास. सरांनी आणि क्लार्कने दोनदा मोजले, नऊ हजार चारशे. सर म्हणाले, "आजी, काशीला जायचंय ना?" तर म्हणते कशी, "काशी कुठं पळून चाललीया? पोरी मातूर घरी बसाय लागल्यात." नावाची पाटी लावू का विचारलं तर हसायलाच लागली. "मुतारीवर नाव घालताय व्हय माझं?" गावाने श्रमदान केलं, उन्हाळ्यात भिंती उभ्या राहिल्या, जूनमध्ये दारं लागली. काशी तिने पाहिली नाही.

आणि आज आम्ही हसतोय! व्हिएतनामला माणशी पंचाहत्तर हजार, हप्त्यांवर का होईना, सगळ्यांना परवडतात. मुतारीला गवंड्याने सांगितलेत दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे चाळीस जणांत डोक्यामागे सात हजार. तिथे मात्र "घरचं बघावं लागतं". २२ सप्टेंबरला, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला, याच ग्रुपवर अण्णांचे फोटो येतात. त्यांच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा गेलं, हे आपण साताऱ्याची माणसं भाषणात सांगतो. फोटो टाकायला काही लागत नाही.

हो, हे सरकारचं काम आहे. मान्य. मग सरकार येईपर्यंत मुलींनी काय करायचं?

गेल्या महिन्यात मी बघून आले. पत्रा उडालाय, दोन दारं नाहीतच, भांडी मातीने बुजलीत, नळाला पाणी नाही. आठवीतल्या एका मुलीला विचारलं, तुम्ही कुठे जाता गं? ती म्हणाली, "आम्ही पाणीच पीत नाही, मॅडम." अगदी हेच वाक्य, आमचं.

फिरण्यावर माझा राग नाही. दोन वर्षांपूर्वी मी काश्मीरला गेले होते, त्या पैशांची मला हळहळ नाही. पण फिरायला जाऊन आपण बघतो तरी काय? कुणीतरी मागे ठेवलेलंच ना. काशीला गेल्यावर आपण ज्या विश्वनाथाच्या देवळात हात जोडतो, ते अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं. आजी तिथे गेली असती तर तिनेही तिथेच डोकं टेकलं असतं.

एवढं लिहून मघाशी चहा केला. मैत्रिणीवर मी जास्तच चिडले. तिने अकरा वर्षं सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलंय. महाबळेश्वरच्या पलीकडे ती कुठे गेलेली नाही, विमानात तर कधीच नाही. मध्यंतरी एकदा फोनवर म्हणाली होती, "मला एकदा असं कुठेतरी जायचंय जिथे मला कुणी हाक मारणार नाही." तिच्या ७५ हजारांबद्दल मी तोंड उघडणार नाही. तिने जावं. बाकीच्यांना, ज्यांची दरवर्षी एक ट्रिप होते, त्यांना मात्र मी माफ केलेलं नाही.

पण बाई, दप्तर आडवं धरून तूच उभी राहायचीस गं माझ्यासाठी. ती इमोजी तू कशी टाकलीस?

असो. मतदान हरलो तरी आम्ही पाच जणांनी आज संध्याकाळपर्यंत सत्तर हजार जमवलेत. दोन दारं, पत्रा आणि पाण्याची लाइन एवढं त्यात बसतं, फरशी नंतर. रविवारी गवंडी नऊ वाजता शाळेत येतोय. आम्ही पहाटे साडेपाचला स्वारगेटहून माझ्या गाडीने निघतोय. गाडीत एक जागा आहे, आणि ती मी शनिवारी रात्रीपर्यंत कुणाला देणार नाही. फोन कर.